दीड वाजताची सुकती

आमचे बाबा बोटीवर सारंग होते. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या. त्यांनी शीळ घातली की वीस-पंचवीस माणसं दोर सोडून किंवा दोर धरून उभी राहायची, असं आत्या सांगायची. तीही कधी बोटीवर गेली नव्हती, पण भावाबद्दल बोलताना तिला पुराव्याची गरज भासत नसे. घरी मात्र बाबांनी शीळ घातली तर फार तर शेजारचा कुत्रा यायचा. वर्षातले नऊ-दहा महिने ते पाण्यावर असायचे आणि उरलेले दोन महिने मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या घरात पाहुणे असायचे. पाहुणे हा शब्द मी विचार करूनच वापरते आहे. त्यांच्यासाठी कपाटातली नवी चादर निघायची, सुरमईचा मधला तुकडा त्यांच्या पानात पडायचा, आणि त्यांनी स्वतःचा कप विसळायला घेतला की आई धावत येऊन, जणू घरात काही अपघात घडतो आहे अशा चेहऱ्याने, तो हातातून काढून घ्यायची. माझा धाकटा भाऊ नंदू तेव्हा पाच वर्षांचा होता. तो त्यांना "अहो बाबा, तुम्ही जेवलात का?" असं विचारायचा. शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर मुलं बोलतात त्या आवाजात.

आईने घर एकटीने चालवायचं म्हणजे कसं चालवायचं याचा धडाच घालून दिला होता. गॅसचा नंबर, लाइटबिल, बँक, नंदूचे डांग्या खोकल्याचे दोन महिने, मागच्या आंब्याच्या फळांचा सौदा, सगळं तिच्या बोटांवर. बाबांनी एकदा मोरीचा गळका नळ दुरुस्त करायचं ठरवलं आणि मोठ्या हौसेने पाना शोधायला लागले. पाना सापडेपर्यंत आईने नळवाल्याला बोलावून नळ बदलून घेतला होता आणि नळवाला बाबांनाच चहाचा आग्रह करत होता. बाबा हसले. पण त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून समोरच्या समुद्राकडे बघत होते. मी बारा वर्षांची होते. मला वाटलं, त्यांना समुद्र आवडतो.

दिवाळी अगदी तोंडावर आली होती. घरात भाजणीचा खमंग वास भरला होता आणि शाळेला नुकतीच सुट्टी लागली होती. मागच्या दारी बाबा आणि आत्या बोलत होते आणि मी पडवीत चिवड्याचे पोहे वाळत घातले होते त्यांची राखण करत, म्हणजे मूठमूठ खात, बसले होते. बाबा म्हणाले, "एजंटचा फोन आला होता शेजारी. दिवाळीआधी बोट पकडशील काय, विचारतोय. एक सारंग आजारी पडलाय. परवा निघायला लागेल." आत्या म्हणाली, "दिवाळी सोडून?" त्यावर बाबा जे म्हणाले ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. "हितं माजं काय अडलंय? मी असलो काय नि नसलो काय, चकल्या व्हायच्या त्या व्हतातच." आणि मग, "वैनीला तुज्या सांगू नको. उद्या कळवतो म्हटलंय त्याला."

 मी हातातली पोह्यांची मूठ परत वाळवणात टाकली. बाबांशी माझी काही फार गट्टी होती असं नाही. पण दिवाळीच्या पहाटे घरात एक पुरुषमाणूस उटणं लावून कुडकुडत बसलेला असतो, हे मी फक्त मैत्रिणींच्या घरी पाहिलं होतं. या वर्षी ते आमच्याकडे होणार होतं. आणि आता होणार नव्हतं.

आत्याने शब्द पाळला. म्हणजे तिने आईला एजंटचं काही सांगितलं नाही, फक्त सांगितलं की भाऊला कुठंतरी सहकुटुंब फिरायला जावंसं वाटतंय, आणि एक दिवस तरी त्याच्या मनासारखं होऊ दे. आईच्या कढईत तेल तापलेलं होतं आणि सोऱ्यात पीठ भरलेलं होतं. तिने दोन्हीकडे बघितलं, गॅस बंद केला आणि बाबांना म्हणाली, "चला. उद्याचा दिवस तुमचा. तुमी सांगाल तसं. मी तोंड उघडनार नाय." आईने तोंड उघडायचं नाही ही गोष्ट आमच्या घरात पूर्वी कधी घडली नव्हती. नंदूने तिला ताप आलाय का ते हात लावून बघितलं.

जायचं ठिकाण बाबांनी निवडलं ते मात्र आईच्या माहेरचं. सह्याद्रीच्या पायथ्याशी तिच्या गावाच्या वर नदी कातळ कापत खाली येते. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये अरुंद घळ, आणि घळीत एकाखाली एक खोल डोह, म्हणजे कोंडी. सातकोंडी म्हणतात तिला. आता तिथे रेलिंग झालंय, शनिवार-रविवारी मक्याची कणसं मिळतात आणि पोरं पाठमोरी उभी राहून स्वतःचे फोटो काढतात. तेव्हा तिथे गुराखी आणि खेकडे सोडून कुणी जात नसे. लग्नानंतर एकदाच बाबा तिथे गेले होते, तेही भर उन्हाळ्यात, आणि घळीच्या मधोमध असलेल्या रुंद कातळावर बसून दोघांनी करवंदं खाल्ली होती. हे मला आत्याने सांगितलं. आईने कधी सांगितलं नाही.

सकाळी शब्बीरमामांची जीप आली. ते आमच्या आळीतलेच, भाड्याने गाडी चालवायचे. बाबांनी शीळ घातली आणि ओरडले, "सगळे स्टँडबाय!" कोंबडीच्या सुक्याचा टोप, वड्यांचा डबा, सोलकढीची बरणी, चटई, आत्या, या क्रमाने सामान चढलं. बाबा पुढे बसले आणि त्यांनी दिवसाचा बेत जाहीर केला. "आज दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला भरती झाली, आता उतरतंय. दीडला पुरी सुकती." सुकती म्हणजे ओहोटी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हा हिशेब आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही येतो, आणि तो चुकत नाही. "म्हंजे दीडला नदीत पानी सगळ्यात कमी. तवा मधल्या कातळावर बसून जेवायचं."

मागच्या सीटवर आईने श्वास आत घेतला. मी तिच्याकडे बघितलं. तिने तो श्वास काही वेळ तसाच ठेवला आणि मग खिडकीबाहेर सोडून दिला.

हसण्याआधी एक लक्षात घ्यायला हवं. बाबांचं सगळं आयुष्य जिथे पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं तिथे गेलं होतं. वाटेत खाडीच्या पुलावरून गेलो तेव्हा पाणी खरोखर उतरत होतं, काठचा चिखल चकाकत होता आणि एक होडी आडवी पडली होती. बाबांनी त्या चिखलाकडे बोट केलं. "भाऊला सगळं कळतं," आत्या म्हणाली. समुद्रापासून इतक्या आत येऊनही खाडीला भरती-सुकती असते, मग आणखी थोडं वर का नसावी, असा त्यांचा सरळ विचार होता. मलाही तो पटला होता. शब्बीरमामांना पटला होता की नाही कोण जाणे, ते भाड्याच्या गिऱ्हाइकाशी वाद घालत नसत. मी आईला हळूच विचारलं, "आई, सातकोंडीला भरती येते?" आई म्हणाली, "बाबांना विचार. आज त्यांचा दिवस."

घळीत उतरलो तेव्हा ऊन पडलं होतं आणि पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. काठावरच्या शेतात भाताची कापणी चालली होती. कापणाऱ्यांत आईच्या माहेरची माणसं होती, त्यांनी विळे हलवून "जावयबापू आले काय?" अशी हाक दिली. मधल्या कातळापर्यंत जायला माझ्या गुडघ्याएवढंच पाणी होतं. बाबांनी स्वतः सामान पलीकडे नेलं, आत्याला हात धरून नेलं, नंदूला खांद्यावर बसवलं. नंदूने त्यांचे केस घट्ट पकडले आणि पहिल्यांदाच "अहो" न म्हणता "बाबा, पडू नका हां," असं म्हणाला. बाबा इतके खूश झाले की कातळावर पोहोचल्यावरही त्यांनी त्याला बराच वेळ खाली उतरवलं नाही. "येताना बगा," ते म्हणाले, "चपला पन भिजायच्या नायत."

आम्ही पाण्यात पाय सोडून बसलो. बाबांनी आम्हाला तऱ्हेतऱ्हेच्या गाठी मारून दाखवल्या, त्यासाठी आत्याच्या वेणीचा गोंडा वापरला. तासाभराने मागे डोंगराच्या अंगाला आभाळ काळं झालं. आमच्या डोक्यावर मात्र लख्ख ऊन. दूर कुठेतरी गडगडलं. "लांब हाय," बाबा म्हणाले. आईने त्या आभाळाकडे बघितलं आणि पदर तोंडावर दाबून धरला. थोड्या वेळाने पाण्यावरून सुकी पानं वाहत आली, एकदोन नव्हे, थव्याने. मग पांढरा फेस. पाण्याचा रंग चहात दूध घातल्यासारखा व्हायला लागला. आईने पदर दातांत धरला. "वैनी, दाढ दुकते काय?" आत्याने विचारलं. आईने मान हलवली. ती त्या नदीच्या काठी वाढलेली बाई. घाटात पाऊस झाला की नदी खाली काय पाठवते, आधी पानं, मग फेस, मग गढूळ, मग ओंडके, हे तिला आमच्या पाऊणपटीइतकंच तोंडपाठ होतं. पण तिने शब्द दिला होता, आणि बाबांनी त्याच क्षणी टोपाचं झाकण काढून सगळ्यांना पानं वाढायला घेतली होती. आयुष्यात पहिल्यांदा ते आम्हाला वाढत होते. आई गप्प का राहिली असेल हे मला तेव्हा कळलं नाही, पुढे माझा संसार झाला तेव्हा कळलं.

बाबांनी घड्याळ बघितलं. "दीड. झाली पुरी सुकती. आता ह्याच्याखाली पानी जायचं नाय."

चटईचं एक टोक ओलं झालं.

"लाट असंल," बाबा म्हणाले.

आत्याची एक चपल तिच्या डोळ्यांदेखत कातळावरून उचलली गेली आणि शांतपणे निघून गेली. पाठोपाठ वरच्या वळणावरून एक अख्खी केळ, घडासकट, आमच्या दिशेने आली. आणि आईचं तोंड उघडलं.

"उठा! उठा सगळी! पानी आलं! शब्बीरभाय, आत्याबायना धरा! आनि सुकतीवाले, तुमी पोरीला घ्या!" तिने नंदूला काखेत मारला आणि पाण्यात उतरली. पाणी तिच्या मांडीपर्यंत आलं होतं. बाबांनी मला जवळजवळ उचलूनच काठावर आणून टाकलं. सगळे पोहोचलो, मोजून झालं, आत्या देवाचं नाव घेत होती आणि मध्येमध्ये चपलेचं. इथे प्रकरण संपलं असतं. पण बाबांना कातळावर राहिलेला टोप आणि वड्यांचा डबा दिसला. "सारंग सामान टाकून येत नाय," असं म्हणून ते परत गेले. आईने मारलेली हाक पाण्याच्या आवाजात बुडाली. त्यांनी टोप उचलला, डबा उचलला, वळले, आणि मधली वाट गेली होती. लाल पाणी धबाधबा वाहत होतं. बाबा कातळाच्या उंच टोकावर जाऊन उभे राहिले, एका काखेत टोप, दुसऱ्या हातात डबा.

मी रडायला लागले. आईने माझ्या पाठीवर एक धपाटा घातला. "रडू नको. ते टोक बुडत नाय, माज्या आज्यानं पन बुडलेलं बघितलं नाय. दोन तासांनी उतरंल." मग तिने दोन्ही हातांचा कर्णा केला. "तितंच बसा! हलू नका!"

"बसलोय!" बाबा ओरडले. आणि बसले.

एवढ्यावर ती थांबली असती तर थांबली असती. पण आईचं सकाळपासून तुंबलं होतं. सकाळपासून कशाला, लग्नापासून. सुट्टीवर आलेल्या माणसाला काय बोलायचं, चार दिवस आनंदाने राहू दे, असं म्हणत तिने जे जे गिळलं होतं ते नदीच्या पाण्यासारखंच वरून एकदम आलं. "सांगत नव्हते मी? नदीला भरती असते काय कुठं?"

"तू कुठं सांगितलंस? तू तर बोलनारच नव्हतीस!"

"तुमचा दिवस होता ना! गेल्या पावसात पडवीची कौलं उडाली तवा कुनाचा दिवस होता? अंगात ताप घेऊन शिडीवर चढले मी!"

"मला कळवलं नाय ते?"

"कुठं कळवू? समुद्रात?"

"पत्रात लिवायचं!"

"लिवलं असतं तर तुमाला तितं झोप आली असती? 'सर्व खुशाल' लिवून लिवून हात मोडला माजा!"

कापणीची माणसं विळे हातात घेऊन बांधावर येऊन उभी राहिली होती. शब्बीरमामा सभ्य माणूस, ते झाडाकडे बघत होते, पण कान इकडेच होते. आईने कौलांवरून नंदूच्या खोकल्यावर, खोकल्यावरून आंब्याच्या सौद्यात फसवणाऱ्या व्यापाऱ्यावर आणि तिथून नणंदेवर उडी घेतली. "आता माजं काय मधीच?" आत्या म्हणाली, पण कुणी लक्ष दिलं नाही. पलीकडे बाबा ऐकता ऐकता डबा उघडून एक वडा खात होते. इकडे आम्ही उपाशी.

"तरी मी काय करू?" शेवटी बाबाही उठून उभे राहिले. "नळाला हात लावला तर तू मानूस बोलावतंस! बोटीवर सगळी मला विचारतात, सारंग ह्ये कुठं ठेवू, त्ये कुठं ठेवू. घरात मीच विचारतो, मी बसू कुठं!"

"सुट्टीत आलेल्या मानसाला कामाला लावू?"

"मग जातोच मी उद्या!"

"कुठं?"

"बोटीवर! एजंटचा फोन आलाय!"

 नदी तेवढी ओरडत होती. आईने आत्याकडे बघितलं, आत्याने डोंगराकडे बघितलं. मला वाटलं, आता संपलं. आता ती पदर खोचून म्हणेल, जा तर जा. तिने तसं म्हटलं असतं तर बाबा गेले असते आणि पुढच्या सुट्टीत आणखी थोडे पाहुणे होऊन आले असते. ती म्हणाली, "जाऊ नका."

"काय?" बाबांनी कानामागे हात धरला.

"जाऊ नका म्हनते!"

"ऐकायला येत नाय!"

आईचा चेहरा लालबुंद झाला. शिव्या देणं सोपं होतं, हे सगळ्या माहेरासमोर बोंबलून सांगणं महाकठीण. तिने डोळे मिटून, होता नव्हता तेवढा आवाज लावला. "जाऊ नका! मला एकटीला जमतं म्हनून मी करते, आवडतं म्हनून नाय करत!"

घळीतून तिचा आवाज दोनदा परत आला. बांधावरच्या एका म्हाताऱ्याने हात उंचावून हाक दिली, "जावयबापू, आमी ऐकलं! तुमी ऐकलात काय?"

बाबांनी हात वर केला.  मग ते आमच्याकडे पाठ करून खाली बसले. आई ओरडली, "आनि वडे संपवू नका, पोरं उपाशी हायत!" पण त्यात आता धार नव्हती.

आज मोबाइलवर घाटातल्या पावसाची सूचना येते. माझा मुलगा ती मला वाचून दाखवतो आणि म्हणतो, आजोबांकडे हे असतं तर? मी म्हणते, तर फार नुकसान झालं असतं.

उन्हं कलली तेव्हा पाणी उतरलं. बाबा टोप डोक्यावर घेऊन आले. कोंबडीला त्यांनी हात लावला नव्हता, वडे मात्र निम्मे संपले होते. काठावर पाय ठेवताच ते म्हणाले, "आता लागली सुकती." आईने हसू दाबायचा प्रयत्न केला, जमला नाही, आणि मग ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटली. आम्ही तिथेच बांधावर, कापणीच्या माणसांना वाटून, थंडगार कोंबडी खाल्ली. तशी चव पुन्हा कधी आली नाही. नंदू बाबांच्या मांडीवर बसून त्यांच्याच पानातलं खात होता.

परतताना हायवेवरच्या बाजारात दिवे लागले होते. बाबांनी शब्बीरमामांना जीप थांबवायला सांगितली आणि एका एसटीडीच्या खोक्यात शिरले. काचेतून आम्हाला त्यांचे नुसते हातवारे दिसत होते. आई समोर बघत बसली होती, बांगड्या मागेपुढे करत.  

बाबा आले, पुढे न बसता मागे, आमच्यात घुसून बसले. जीप निघाली. आईने शेवटी विचारलं, "काय म्हनाला तो?"

"म्हटलं नाय जमनार, घरात काम हाय. तर विचारतो, कसलं काम?"

"मग?"

"म्हटलं, बायकोला विचारून सांगतो."